पंक्चर, दुरुस्ती आणि एक फ्रेंच शब्द

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलण्यासाठी विषय दिला होता 'संगणक युग आणि आपली मुले'. मी भाषा शिकवणारा माणूस. संगणकाविषयी तुमची मुले माझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून त्या मोठ्या विषयातला एक लहानसा शब्द मी निवडला आहे. तो फ्रेंच आहे. पण त्याचा अर्थ आपल्या गोंदियाच्या प्रत्येक चौकात, निंबाच्या झाडाखाली, पाण्याच्या घमेल्याशेजारी बसलेला आपल्याला रोज दिसतो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला संगणक कंपनीत नोकरीस आहे. त्यांच्या कंपनीचे काम फ्रान्समधल्या ग्राहकांसाठी चालते. मागच्या ईदला तो घरी आला तेव्हा भेटायला आला होता. मी सहज विचारले, "बाबा रे, तुझे रोजचे काम तरी काय?" तो हसून म्हणाला, "सर, पंक्चर काढतो." मला वाटले, गंमत करतो आहे. मग त्याने समजावून सांगितले.

संगणक ज्या लिखित सूचनांवर चालतो, त्या माणसांनीच लिहिलेल्या असतात. हजारो, लाखो ओळी. माणसाने लिहिले म्हणजे चूक राहणारच. ती चूक पुढे कधीतरी सापडते. तेव्हा संपूर्ण लिखाण फेकून नवे लिहीत बसत नाहीत. चुकीच्या जागेपुरता एक लहान तुकडा तयार करतात आणि तेवढाच बदलतात. आपल्या मोबाईलवर 'अपडेट करा' असा जो निरोप येतो, त्यात पुष्कळदा असे तुकडे असतात. इंग्रजीत त्याला 'पॅच' म्हणतात, म्हणजे ठिगळ. हा शब्दही उगाच आलेला नाही. 1940 च्या दशकातल्या अवाढव्य यंत्रांना कागदी पट्टीवर भोके पाडून सूचना देत असत. भोक चुकीच्या जागी पडले की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. 1944 च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात चालणाऱ्या 'मार्क वन' या यंत्राची अशी ठिगळे लावलेली पट्टी आजही जपून ठेवलेली आहे.

फ्रेंच लोकांना आपल्या भाषेचा अभिमान फार. 1994 साली त्यांनी फ्रेंच भाषेच्या वापरासाठी कायदा केला, आणि इंग्रजी तांत्रिक शब्दांना फ्रेंच पर्याय सुचविण्यासाठी तिथे सरकारी समित्या काम करतात. अशा दुरुस्तीच्या तुकड्याला ते 'कोरेक्तीफ' म्हणतात, म्हणजे चूक सुधारणारा. हा झाला कागदोपत्री शब्द. पण काम करणारे लोक बोलताना दुसराच शब्द वापरतात : 'र्युस्तीन'. आणि र्युस्तीन म्हणजे काय? सायकलच्या ट्यूबला लावायचा रबरी तुकडा! सुमारे शंभर वर्षांपूर्वी लुई र्युस्तँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पंक्चर झटपट काढता येईल असे तयार रबरी तुकडे बाजारात आणले. ते इतके चालले, की त्याच्या आडनावावरूनच त्या वस्तूचे नाव पडले, शब्दकोशात गेले, आणि पुढे संगणकाच्या चुका सुधारणाऱ्या तुकड्यांनाही लोक तेच म्हणू लागले.

हे ऐकून मला आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. वर्गात माहिती भरून घेताना त्याने वडिलांच्या व्यवसायापुढे 'धंदा' असा मोघम शब्द लिहिला. "कसला धंदा?" असे विचारले तर खाली बघत राहिला. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, त्याचे अब्बा पंक्चर काढतात." वर्गात हशा पिकला. पालकहो, त्या हसण्यात काय होते ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हा शब्द आपल्या समाजाला हिणवण्यासाठी वापरला जातो, आणि तो वार आपल्या मुलांना फार कोवळ्या वयात बसतो.

पुण्याच्या त्या मुलाची भेट झाल्यावर मी या मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि म्हणालो, "पंक्चर कसे काढतात ते वर्गाला समजावून सांग." आधी तो लाजला. मग सांगू लागला, आणि थांबेना. प्रथम ट्यूब बाहेर काढून हवा भरायची आणि पाण्यात फिरवायची. बुडबुडे येतील तिथे खूण करायची. ती जागा कोरडी करून कानशीने घासायची, नाहीतर तुकडा धरत नाही. मग सोल्युशन लावायचे आणि थोडे थांबायचे. ओल्यावरच चिकटवले तर दोन दिवसांत सुटते. मग तुकडा दाबून बसवायचा. मी म्हणालो, "शाबास, झाले." तो म्हणाला, "नाही सर, अजून दोन कामे राहिली. टायरमध्ये आतून बोट फिरवून काटा शोधायचा. काटा तसाच राहिला तर घरी पोचायच्या आत पुन्हा पंक्चर. आणि ट्यूब पुन्हा एकदा पाण्यात बघायची. अब्बा प्रत्येक वेळी दोनदा बघतात."

वाचकहो, मी पंधरा मिनिटे तो धडा ऐकला आणि मला वाटले, संगणकाच्या जगात गेल्या काही वर्षांत जे मोठे अनर्थ झाले, ते या मुलाच्या अब्बांच्या नियमांपैकी एखादा मोडल्यामुळेच झाले. तीन उदाहरणे सांगतो.

पहिले. 2017 सालच्या मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज प्रणालीतली एक गंभीर चूक सुधारणारा तुकडा 14 तारखेला प्रसिद्ध केला. तो फुकट होता. अनेकांनी तो बसवून घेतला, अनेकांनी 'उद्या करू' म्हणून सोडून दिला. 12 मे रोजी, म्हणजे 59 दिवसांनी, 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम त्याच भोकातून आत शिरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक बंद पडले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ठिगळ घरात होते, लावले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. त्याच वर्षी 27 जून रोजी 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा हल्ला युक्रेनमधून सुरू झाला आणि जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे बरेचसे काम त्यात ठप्प झाले. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात या कंपनीच्या समूहाकडून चालविला जाणारा एक धक्का आहे. तिथलेही कामकाज कोलमडले. कंपनीला सुमारे 45,000 संगणक आणि 4,000 सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. हा हल्ला पसरायला मार्चमधल्या त्याच जुन्या भोकाचाही उपयोग झाला. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की तो मुळात शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून! म्हणजे दुरुस्ती म्हणून जे आले त्यातच विष कालवलेले होते. ठिगळ कोणाच्या हातचे आहे, हेही बघावे लागते.

तिसरे. 19 जुलै 2024 रोजी संगणकांचे रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या अपडेटमध्येच चूक होती. सुमारे सव्वा तासात कंपनीने ते मागे घेतले, पण तोवर जगातले अंदाजे 85 लाख संगणक बंद पडले होते. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इथे ठिगळ लावले, वेळेवर लावले. पण पुन्हा पाण्यात बुडवून नीट बघितले नव्हते.

आता या फ्रेंच शब्दावरून थोडे आपल्या भाषेकडे येऊ. मराठीनेही आपले शब्द शोधण्याचा खटाटोप काही कमी केलेला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला तो कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठीच. महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन होऊन परिभाषा घडविण्याचे काम सुरू झाले. तरी चूक सुधारण्याचा विषय आला की मराठी माणूस कोणता शब्द वापरतो? 'दुरुस्ती'. हा 'दुरुस्त' फारसीतून आला. 'मरम्मत' अरबीतून आला. फाटलेले कापड सांधण्याचा 'रफू' तिकडचाच. 'डागडुजी' इतका घरचा वाटतो, पण त्यातला 'दुजी' म्हणजे जरदोजीतलाच 'दोजी', शिवणकाम. हे शब्द इथे आले, राहिले, मराठी झाले. त्यांना आता कोणी परके म्हणत नाही. सगळ्यांत मोठा मान तर पुढेच आहे : भारताच्या राज्यघटनेत बदल करतात त्याला मराठीत आपण 'घटनादुरुस्ती' म्हणतो.

विद्यार्थी मित्रांनो, या घटनादुरुस्तीकडे जरा नीट बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तयार केलेल्या घटनेतच कलम 368 आहे : ही घटना कशी दुरुस्त करावी, याची रीत. म्हणजे लिहितानाच कबुली दिली, की पुढे दुरुस्ती लागेल. पहिली दुरुस्ती 1951 मध्येच झाली, आणि 2023 पर्यंत 106 झाल्या. त्यातली 86 वी, 2002 सालची, तुमच्या बाकापर्यंत आलेली आहे. मूळ घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करावा असे म्हटले होते. ते झाले नाही. तेव्हा या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क केला, आणि त्याचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या थोर ग्रंथाला दुरुस्तीची लाज वाटली नाही. मग दहावीला एका विषयात राहिलेल्या मुलाने तोंड लपवून गावाबाहेर कामाला निघून का जावे? एक विषय राहिला म्हणजे ट्यूबला एक भोक पडले. सायकल भंगारात द्यायची नसते. पुरवणी परीक्षा आहे, पुन्हा बसण्याची सोय आहे. फक्त काटा शोधा : गणित का राहिले? पाढ्यांपासून कच्चे आहे, की रात्री कामावर जावे लागते, की मोबाईल सुटत नाही? काटा न काढता नुसत्या गाईडची ठिगळे लावाल तर पुढच्या परीक्षेत पुन्हा तेच.

पालकहो, आता ज्यासाठी मी आज मुख्यतः उभा आहे, ते सांगतो. ते माझ्या स्वतःवर गुदरलेले आहे.

मी ज्या शाळेत शिकलो, तिथे पहिलीत नाव घालताना अब्बांनी तोंडी नाव सांगितले, लिहिणाऱ्याने ऐकले तसे लिहिले. माझ्या नावातले एक अक्षर बदलले आणि जन्मतारखेतला महिना चुकला. अब्बांना मराठी वाचता येत नव्हते. विश्वासाने त्यांनी सही केली. पुढे दहावी, बारावी, पदवी, बी.एड., सगळीकडे तीच चूक माझ्यासोबत चालत आली. जन्माच्या दाखल्यावर एक माणूस, शाळेच्या दाखल्यावर दुसरा. नोकरीचे कागद तपासायला गेले तेव्हा ते उघडे पडले. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, अर्ज, हेलपाटे, यांत जवळजवळ वर्ष गेले. त्या वर्षाचा पगार नाही, आणि अम्मीच्या बांगड्या गहाण. पहिलीच्या वर्गात पाच मिनिटांत निघाले असते असे ते पंक्चर होते.

आपल्या समाजात या चुका जास्त होतात, त्याची कारणे आहेत. अर्जात रकाने तीन : आडनाव, नाव, वडिलांचे नाव. आपल्याकडे कोणाचे 'शेख' आधी येते, कोणाचे 'खान' शेवटी, आणि कित्येकांना आडनाव असे नसतेच. मग एका कागदावर 'शेख' आडनावाच्या रकान्यात, दुसऱ्यावर नावाच्या. इंग्रजीत 'शेख' तीन-चार तऱ्हेने लिहिता येते. एका घरातल्या तीन भावंडांची तीन तऱ्हेने लिहिलेली मी पाहिली आहेत. 'मोहम्मद'चे कोणी 'मो.' करतो, तर कोणी इंग्रजीत 'एम.डी.' करून टाकतो, जणू मूल जन्मतःच डॉक्टर झाले! पूर्वी कारकून समजून घेत असे. आता संगणक एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी 'जुळत नाही' म्हणून अर्ज परत करतो. शिष्यवृत्ती अडकते.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट आहे. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. माझ्या जन्माच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा आहे आणि माझ्या मुलीच्या दाखल्यावर गोंदिया; घर मात्र तेच. आजोबांच्या जुन्या कागदांवर तर मध्य प्रांत आहे. ही चूक नव्हे, हा इतिहास आहे. तो बदलण्याच्या खटपटीत पडू नका आणि घाबरूनही जाऊ नका. कोणता कागद कोणत्या सालचा एवढे मुलांना सांगून ठेवा. काय दुरुस्त करायचे आणि काय तसेच जपायचे, हेही कळले पाहिजे.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. घरी गेल्यावर आज रात्रीच मुलांचे कागद बाहेर काढा : जन्माचा दाखला, आधार कार्ड, शाळेतली नोंद, जातीचा दाखला असल्यास तो. चारही शेजारी शेजारी ठेवा. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, अक्षर न् अक्षर. हे झाले ट्यूब पाण्यात फिरवणे. जिथे बुडबुडा दिसेल तिथे खूण करा आणि या आठवड्यातच शाळेत या. मूल शाळेत असेपर्यंत, पुरावा असेल तर, शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की ती फार अवघड होऊन बसते. दहावीच्या मुलांनो, परीक्षेआधी बोर्डाकडून नावांची प्रिलिस्ट येते. तिच्यावर सही करण्यापूर्वी वाचा. मित्राने वाचली म्हणून सही करू नका. आणि दुरुस्ती करून आणलेला नवा कागदही पुन्हा वाचा. त्या मुलाचे अब्बा दोनदा बघतात, हे विसरू नका. नाक्यावर कोणी 'पाचशे रुपयांत सगळे करून देतो' म्हणाला तर त्याच्या हातचे ठिगळ लावू नका. खोट्या कागदाने एक भोक बुजते आणि टायरच फाटतो.

आम्हा शिक्षकांनाही हे लागू आहे. फळ्यावर माझे काही चुकले आणि विद्यार्थ्याने दाखवले तर "बरोबर आहे, सुधारतो" असे म्हणण्याची सवय मी लावून घेतो आहे. खरे सांगतो, सोपे जात नाही. पण वर्षातून एकदा संस्थेने प्रत्येक वर्गासाठी कागदपत्र तपासणीचा एक दिवस ठेवावा, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे ठेवतो. आम्ही शिक्षक संध्याकाळी थांबू.

तो नववीचा मुलगा पुढे काय होईल हे मला सांगता येणार नाही. परवा त्याने माहितीचा कागद पुन्हा मागितला. 'धंदा' खोडून त्याजागी त्याने 'सायकल दुरुस्ती' असे स्वच्छ अक्षरात लिहिले, आणि कागद परत देण्याआधी एकदा वाचून बघितला.